पामायराचे गोदाम : उन्हाळी कामासाठी अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्यांचे एक प्रकरण

१७ ऑगस्ट २०११ रोजी, बुधवारी, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पामायरा या छोट्या गावात शेकडो परदेशी विद्यार्थ्यांनी हातातले काम टाकले आणि घोषणा देत ते गोदामाबाहेर पडले. हर्शी कंपनीची चॉकलेटे या गोदामात खोक्यांत भरली जात आणि तेथून बाहेरगावी रवाना होत. विद्यार्थी चीन, तुर्कस्तान, युक्रेन, रुमानिया, मोल्दोव्हा, घाना, नायजेरिया अशा अनेक देशांतले होते. कोणी वैद्यकाचे शिक्षण घेत होते, कोणी अभियांत्रिकीचे, कोणी अर्थशास्त्राचे. सर्वांच्या पारपत्रावर जे-१ व्हिसा होता. हा व्हिसा सांस्कृतिक आणि शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी दिला जातो, त्यामुळे अमेरिकी सरकारच्या दप्तरी हे सारे जण आधी पाहुणे होते आणि मग कामगार.

या बंदची बातमी त्या वेळी जगभर गेली, आणि ती गेली याला चॉकलेटच्या नावाचाही हातभार लागला. बहुतेक वार्तांकनांचा भर जड खोक्यांवर आणि रात्रपाळ्यांवर राहिला. ते कष्ट खरे होते, आणि पुढे त्यांचा तपशील येईलच. परंतु उन्हाळी कामासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब वेगळी वाटते. विद्यार्थ्याने ज्या संस्थेला शुल्क भरले, तीच संस्था त्याला काम देणार होती, परक्या देशात त्याची पालक म्हणून वागणार होती आणि तक्रार झालीच तर ती ऐकून घेणार होती. पामायरात जे बिघडले त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून बिघडले.

योजना काय होती

१९६१ साली अमेरिकी काँग्रेसने फुलब्राइट-हेज कायदा संमत केला. अन्य देशांतील नागरिकांना अमेरिका जवळून पाहता यावी आणि परस्पर सामंजस्य वाढावे, हा त्याचा हेतू होता. प्राध्यापक, संशोधक, डॉक्टर, प्रशिक्षणार्थी यांच्या अनेक देवाणघेवाण योजना या कायद्याखाली चालतात. त्यांपैकीच एक ‘समर वर्क ट्रॅव्हल’ ही आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने अमेरिकेत काम करावे, मिळालेल्या पैशांतून देश हिंडून पाहावा आणि पुढच्या सत्रासाठी मायदेशी परतावे, अशी तिची कल्पना. समुद्रकाठची हॉटेले, करमणूक उद्याने, आइस्क्रीमची दुकाने येथे उन्हाळ्यात गर्दी उसळते आणि तेवढ्यापुरती जादा माणसे लागतात. विद्यार्थ्यांची सुट्टी आणि मालकांची निकड एकाच मोसमात येत असल्याने योजना झपाट्याने वाढली, आणि २००८ साली तिच्यातून आलेल्या विद्यार्थ्यांचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला.

अमेरिकेचे परराष्ट्र खाते ही योजना स्वतः चालवत नाही. खात्याची मान्यता असलेल्या प्रायोजक संस्था विद्यार्थी निवडतात, त्यांना काम शोधून देतात आणि डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र देतात. या प्रमाणपत्राशिवाय जे-१ व्हिसा मिळत नाही. संस्थेने विद्यार्थ्याचा सहभाग रद्द केला तर त्याचा अमेरिकेत राहण्याचा आधारच निघून जातो. संस्थेचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येते आणि विद्यार्थ्याच्या मायदेशातला दलाल त्याखेरीज आपला वाटा घेतो.

मालकांच्या बाजूने पाहिले तर या विद्यार्थ्यांना कामावर घेणे फायद्याचे होते. स्थानिक कामगाराच्या वेतनावर मालकाला सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) या निधींसाठी ७.६५ टक्के भरावे लागतात. जे-१ वरच्या विद्यार्थ्यासाठी ते भरावे लागत नाहीत. अन्य काही व्हिसांच्या बाबतीत मालकाने आधी स्थानिक माणूस शोधल्याचे दाखवून द्यावे लागते, येथे तशीही अट नव्हती. सामंजस्यासाठी आखलेली योजना स्वस्त मजुरीचा झरा बनण्यास एवढ्या सवलती पुरेशा होत्या.

एका गोदामाचे चार धनी

पामायरा हे हर्शी नावाच्याच गावापासून काही मैलांवर आहे. कंपनीचे संस्थापक मिल्टन हर्शी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्याभोवती एक संपूर्ण गाव वसवले. घरे, उद्यान, अनाथ मुलांसाठी शाळा, सारे त्यात आले. आजही तेथील रस्त्यांवरचे दिवे ‘किसेस’ या चॉकलेटच्या आकाराचे आहेत. कामगारांच्या कल्याणासाठी वसवलेले गाव अशी त्याची ख्याती होती. त्याच गावात १९३७ च्या एप्रिलमध्ये कामगारांनी कारखान्यात ठाण मांडून संप केला होता, आणि शेतकरी व कंपनीशी एकनिष्ठ राहिलेले कामगार यांच्या जमावाने संपकऱ्यांना मारहाण करून तो मोडून काढला होता. पुढे तेथे संघटना उभी राहिली आणि हर्शीतली नोकरी ही पगार, निवृत्तिवेतन आणि विमा असलेली चांगली नोकरी मानली जाऊ लागली.

२०११ सालच्या पामायरा गोदामात यातले काहीच लागू नव्हते. हर्शीने गोदामाचा कारभार एक्सेल या मालसाठवणूक आणि वाहतूक कंपनीकडे दिला होता. माणसे पुरवण्याचे काम एक्सेलने एसएचएस या मनुष्यबळ पुरवठादार कंपनीवर सोपवले होते. एसएचएसला विद्यार्थी मिळाले ते ‘कौन्सिल फॉर एज्युकेशनल ट्रॅव्हल, यूएसए’, म्हणजेच सेतुसा, या प्रायोजक संस्थेकडून. विद्यार्थी रोज ज्या चॉकलेटांची खोकी भरत होता त्यांवर हर्शीचे नाव होते, मुकादमी एक्सेलची होती, पगार एसएचएसकडून येत होता आणि व्हिसाची दोरी सेतुसाच्या हातात होती. आंदोलन झाल्यावर हर्शीने सांगितले की हे गोदाम आपण चालवत नाही. करारांच्या भाषेत ते खरेच होते. ठेक्यांची अशी उतरंड रचली की वरच्या प्रत्येकाला खालच्याकडे बोट दाखवता येते, आणि तळाशी उभ्या असलेल्या माणसाला दाद कोणाकडे मागावी हेच कळत नाही.

त्या उन्हाळ्यात येथे सुमारे चारशे परदेशी विद्यार्थी काम करत होते. रीझेस, किटकॅट, आमंड जॉय ही चॉकलेटे सरकत्या पट्ट्यावरून येत, ती मोठ्या खोक्यांत भरायची आणि खोकी उचलून थप्पी लावायची, असे कामाचे स्वरूप होते. खोक्यांचे वजन आणि पट्ट्याचा वेग, दोन्ही आपल्या कल्पनेपलीकडचे होते, असे अंगमेहनतीची सवय नसलेल्या या मुलामुलींनी सांगितले. कित्येकांना रात्री अकरा ते सकाळी सात ही पाळी होती. रात्रभर उभ्याने काम करून दिवसा झोपणाऱ्याला अमेरिकी माणूस भेटणार कधी, आणि इंग्रजी बोलणार कोणाशी? सहकारीही बहुतेक परदेशीच. ज्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाने व्हिसा मिळाला होता ती बहुतेकांच्या वाट्याला आली नाही, आणि आंदोलनात त्यांनी ही तक्रार वेतनाइतक्याच जोराने मांडली.

पगारपत्रकाचा हिशेब

आता आकडे पाहू, कारण प्रकरण त्यांतूनच नीट समजते. विद्यार्थ्यांना ताशी ८ डॉलरच्या थोडे वर मिळत होते. ८.३५ डॉलर हा दर धरून आठवड्याच्या ४० तासांचे ३३४ डॉलर होतात. त्या वेळचे संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर होते, म्हणजे आठवड्याला २९०. दोहोंत अंतर अवघे ४४ डॉलर. राहण्याच्या जागेसाठी माणशी महिन्याला ३९५ डॉलर कापले जात होते, म्हणजे आठवड्याला सुमारे ९१. एका घरात अनेकांना ठेवून प्रत्येकाकडून ही रक्कम घेतली जाई. आजूबाजूचे अमेरिकी भाडेकरू याहून कमी भरतात, असे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले होते. अमेरिकी कायद्यानुसार मालक निवासाचा वाजवी खर्च वेतनात धरू शकतो. भाडे त्याहून जास्त घेतले तर वरचा भाग वेतनातून हिरावून घेतल्यासारखाच होतो, आणि येथे तर किमान वेतनापर्यंत पोहोचायला जेमतेम ४४ डॉलरची जागा होती. त्यात कर आणि इतर कपाती. चाळीस तास राबूनही आठवड्याअखेर हातात ४० ते १४० डॉलर पडत होते, असे विद्यार्थ्यांच्या बाजूने सांगण्यात आले.

दुसरा हिशेब निघण्यापूर्वीच्या खर्चाचा आहे. शुल्क, विमानभाडे आणि व्हिसा यांवर विद्यार्थ्यांनी ३,००० ते ६,००० डॉलर खर्च केले होते. त्या वर्षी डॉलर साधारण ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम सव्वा ते पावणेतीन लाख रुपयांच्या घरात जाते. तेरा आठवडे, म्हणजे तीन महिने, एकही खाडा न करता काम केले तर एकूण ४,३४२ डॉलर होतात. त्यातून तीन महिन्यांचे भाडे १,१८५ डॉलर वजा केले की ३,१५७ उरतात, आणि त्यातून कर व जेवणखाण अजून जायचेच असते. कमीत कमी खर्चात आलेल्याचेही मुद्दल जेमतेम सुटेल, आणि ज्याने सहा हजार भरले त्याचे तर चार महिन्यांतही सुटणार नाही. हा हिशेब विमानात बसण्यापूर्वी कोणीही मांडू शकले असते, असे म्हणणे सोपे आहे. पण भाडे किती कापले जाईल आणि पाळी कोणती असेल याची विद्यार्थ्याला आधी कल्पनाच नसेल, तर त्याने हिशेब मांडावा कशावर? अमेरिका पाहायला मिळेल आणि खर्चही भरून निघेल, या विश्वासावर घरच्यांनी पैसे उभे केले होते.

आपल्याकडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडतो आणि ती फिटेपर्यंत फडातून निघू शकत नाही. येथे उचल घेण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतःच आधी पैसे भरले होते, पण जखडले जाणे त्याच जातीचे होते. काम सोडले तर भरलेले पैसे बुडतात, आणि परत गेल्यावर घरी तोंड दाखवायचे असते. एरवी जो विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी काम सोडून निघून गेला असता, तो या ओझ्यामुळे गप्प राहतो.

त्यातूनही जे बोलले त्यांना काय अनुभव आला? आपण तक्रार केली तेव्हा परत पाठवण्याची धमकी मिळाली, असे विद्यार्थ्यांनी सांगितले. प्रायोजक संस्थेच्या हाती डीएस-२०१९ असल्याने अशी धमकी पोकळ वाटत नाही. संस्थेचा धंदा विद्यार्थ्यांवर चालतो आणि मालकाशी तिचे संबंध दरवर्षीचे असतात, विद्यार्थी मात्र दर उन्हाळ्याला नवा येतो. विद्यार्थ्याची बाजू घेऊन मालकाला दुखवण्यात संस्थेचे हित कोठेच नव्हते. कोणी व्यक्ती चांगली की वाईट याने फारसा फरक पडत नाही. चांगल्या माणसालाही या खुर्चीत बसून न्याय देणे जड गेले असते.

बंद आणि त्यामागची माणसे

वेगवेगळ्या भाषा बोलणारे, एकमेकांना काही आठवड्यांपूर्वीपर्यंत न ओळखणारे विद्यार्थी एकत्र आले. त्यांना साथ देणारी संघटना होती नॅशनल गेस्टवर्कर अलायन्स. तिचे नेतृत्व मूळ दिल्लीचे साकेत सोनी करत होते, आणि तिचा अनुभव थेट भारतीय कामगारांशी जोडलेला होता. कॅटरिना वादळानंतर मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीत सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले गेले होते. एकेकाने दलालांना दहा ते वीस हजार डॉलर दिले होते आणि कायम वास्तव्याच्या आश्वासनावर घरदार गहाण टाकले होते. २००८ च्या मार्चमध्ये ते काम सोडून बाहेर पडले. त्यांच्यापैकी पाच जणांच्या दाव्यात २०१५ साली ज्यूरीने सुमारे १४० लाख डॉलर भरपाईचा निवाडा दिला. आधी घेतलेले शुल्क, त्यातून आलेले कर्ज, आणि कर्जाच्या भीतीने बंद झालेले तोंड, हा क्रम या संघटनेने वेल्डरांच्या बाबतीत पाहिला होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो ओळखणे तिला अवघड गेले नाही.

विद्यार्थ्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की तिच्याविषयी मला फार आदर वाटतो. भरलेले पैसे परत मिळावेत, हे तर त्यांनी मागितलेच. शिवाय गोदामातल्या या नोकऱ्या जगण्याजोग्या वेतनावर स्थानिक कामगारांना मिळाव्यात, असेही ते म्हणाले. म्हणजे आपण जे काम करत आहोत ते मुळात आपले नाही, कोणा शेजाऱ्याचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्यामुळे स्थानिक कामगार संघटना त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि संघटनांच्या नेत्यांनी गोदामात जाऊन स्वतःला अटक करवून घेतली. परदेशी मुले नोकऱ्या पळवतात, हा सूर एरवी सहज लागला असता. तो तेथे लागला नाही याचे श्रेय विद्यार्थ्यांच्या समजुतीला आहे.

आंदोलनानंतर विद्यार्थ्यांना आठवडाभर पगारी सुट्टी देऊ करण्यात आली. मूळ प्रश्नाला त्याने हात लागला नाही, परंतु चौकश्या मात्र सुरू झाल्या.

चौकश्यांतून काय निघाले

२०१२ च्या फेब्रुवारीत परराष्ट्र खात्याने सेतुसाला या योजनेतून वगळले. त्याच महिन्यात कामगार सुरक्षेच्या संघीय यंत्रणेने एक्सेलवर २,८३,००० डॉलर दंडाची कारवाई प्रस्तावित केली. चार वर्षांत या गोदामात झालेल्या ४२ गंभीर दुखापती दप्तरात नोंदल्याच गेल्या नव्हत्या, असे तपासात आढळले, आणि तशा एकूण दुखापतींपैकी त्या निम्म्याहून अधिक होत्या. विद्यार्थी कामाच्या वेगाविषयी जे सांगत होते ते नाजूक मुलांचे रडगाणे नव्हते, हे या नोंदींनी सिद्ध केले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. त्यानुसार १,०२८ परदेशी विद्यार्थ्यांना थकीत वेतनापोटी सुमारे २,१३,००० डॉलर मिळावयाचे ठरले आणि सुरक्षेच्या उल्लंघनांसाठी दंडाची रक्कम १,४३,००० डॉलर झाली. थकबाकीची सरासरी काढली तर एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सुमारे २०७ डॉलर येतात. ज्यांनी हजारो डॉलर भरले होते त्यांच्यासाठी ही रक्कम तुटपुंजी आहे. तरीही सरकारच्या दप्तरात त्या विद्यार्थ्यांची नोंद वेतन बुडालेले कामगार म्हणून झाली, आणि मला हे मोलाचे वाटते.

नियमही बदलले. २०११ च्या अखेरीस योजनेतील विद्यार्थ्यांची संख्या १,०९,००० वर गोठवण्यात आली. २०१२ च्या मे महिन्यातील नियमांनी कारखाने, गोदामे, बांधकाम, शेती आणि खाणी येथील कामे विद्यार्थ्यांसाठी बंद केली. ज्या कामाचे तास मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पडतात तेही वर्ज्य ठरले. काम हंगामी असले पाहिजे, त्यामुळे स्थानिक माणसाची नोकरी जाता कामा नये, विद्यार्थ्याला अमेरिकी समाजात मिसळण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि प्रायोजक संस्थेने दरमहा त्याची खबर घेतली पाहिजे, अशा अटी आल्या. रात्रीचे तास, गोदाम, भाषेची तहान, हे सारे नियमांत उमटले आहे. शुल्काची फोड दाखवणे संस्थांवर बंधनकारक झाले, पण ते किती घ्यावे यावर कमाल मर्यादा आली नाही. ज्या ओझ्यामुळे विद्यार्थी गप्प राहतो ते ओझे जागच्या जागी राहिले, आणि सुधारणेतली ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी

पामायरातल्या योजनेतून भारतीय विद्यार्थी तुलनेने कमी जातात. परंतु पुणे, मुंबई, गोवा येथील हॉटेल व्यवस्थापनाचे विद्यार्थी आणि पदवीधर जे-१ च्याच प्रशिक्षणार्थी गटातून अमेरिकी हॉटेलांत जातात, आणि तेथेही प्रायोजक संस्था, डीएस-२०१९ आणि मायदेशातला दलाल हीच रचना आहे. या गटासाठी डीएस-७००२ नावाचा एक जास्तीचा कागद असतो. कोणत्या विभागात किती काळ, काय शिकवले जाणार, कोणाच्या देखरेखीखाली, मोबदला किती, हे त्यात लिहिलेले असते, आणि त्यावर विद्यार्थ्याचीही सही लागते. दलाल हा कागद घाईत सहीपुरता पुढे करत असेल तर विद्यार्थ्याने थांबून तो ओळीने वाचावा. भाडे कोण घेणार, किती घेणार आणि ते पगारातून कापणार का, हे लेखी मागावे. आधी भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी.

पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हेही पाहण्याजोगे आहे. जर्मनीच्या डाड या संस्थेची ‘वाइज’ योजना भारतीय अभियांत्रिकी आणि विज्ञान विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन-तीन महिने जर्मन प्रयोगशाळांत काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देते. कॅनडातील मायटॅक्सची ‘ग्लोबलिंक’ ही बारा आठवड्यांची संशोधन योजना त्याच प्रकारातली. तेथे विद्यार्थ्याची निवड गुणवत्तेवर होते आणि पैसे त्याच्याकडे येतात. जागा थोड्या असल्याने सर्वांना हा मार्ग मिळत नाही, हे मान्य. तरीही जिथे विद्यार्थ्यानेच लाखाच्या घरात रक्कम भरून काम मिळवायचे आहे, तिथे त्याच्या अडचणीत कोण त्याच्या बाजूने उभे राहील, हा प्रश्न सही करण्यापूर्वीच विचारावा लागतो.

जे-१ सारख्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला त्याच्या हक्कांची पुस्तिका देणे आणि ती समजल्याची खात्री करणे अमेरिकी वकिलातीवर २००८ पासून कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जाणाऱ्यालाही हे लागू आहे. त्या पुस्तिकेत तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असतात. वेतनाची तक्रार अमेरिकी कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे थेट करता येते, त्यासाठी प्रायोजक संस्थेची परवानगी लागत नाही. पामायरातील थकबाकीही शेवटी कामगार खात्याच्याच कारवाईतून निघाली.